लोखंडाचं सुतक

एका जंगलात, मुलांनो, लोखंड होतं.

जंगलात लोखंड कुठून आलं, असं ज्याला विचारायचं असेल त्याने उठून बाहेर जावं. गोष्टीत कोल्हे बोललेले तुम्हाला चालतात, ससे शहाणे असतात तेही चालतं, मग लोखंडानेच काय घोडं मारलंय? तर लोखंड होतं. आणि त्या लोखंडाचा एक पूल होता.

पूल खोल दरीवर होता. दरीच्या अलीकडे सगळे प्राणी राहायचे आणि पलीकडे हिरवागार चारा होता. ससे, हरणं, रानडुकरं अशी बेताच्या वजनाची मंडळी पुलावरून ये-जा करायची. हत्ती तेवढे पुलाच्या वाटेला जात नसत. त्यांच्यासाठी दरीत उतरणारी एक रुंद पायवाट होती. खाली ओढा ओलांडायचा आणि पलीकडे चढायचं. कोणाची तक्रार नव्हती.

राजा गवा होता. वाघ होता की तिथे, पण तो कुठल्याशा समितीवर गेला होता, आणि समितीवरून कोणी परत आल्याचं त्या जंगलात ऐकिवात नव्हतं. गवा स्वतः पूल कधी ओलांडायचा नाही. त्याचा चारा त्याला घरपोच मिळायचा.

पुलाचं काम अस्वलाकडे होतं. अस्वल लोहार. पुलाला नवी तुळई घालायची झाली की अस्वल ती आधी तपासायचं. दोन ओट्यांवर तुळई आडवी ठेवायची. वर एकेक धोंडा चढवत जायचा. तुळई किती बोटं खाली वाकते ते बघायचं. मग धोंडे उतरवायचे आणि ती परत सरळ होते का ते बघायचं. सरळ झाली तर पुलावर चढवायची. या सगळ्याला आठवडा लागायचा. सोपं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि असंच करावं लागतं.

पण त्या जंगलात एक रीत होती. वाकलेलं लोखंड वजन काढल्यावरही वाकलेलंच राहिलं, तर ते मेलं असं मानायचे. आणि लोखंड मेलं की साऱ्या जंगलाला सुतक. गोडधोड बंद, लग्नं बंद, शिमगा बंद. ज्याच्या हातून मेलं त्याने अंगावरचे सगळे केस उतरवायचे.

हसू नका. अस्वलाच्या अंगावर केस किती असतात ते माहीत आहे ना?

आता इथे जरा लक्ष द्या, नंतर मला विचारायला येऊ नका. अस्वल धोंडे चढवताना तुळईला कान लावून बसायचं. लोखंड जरा कण्हलं, बारीकसं कुईं केलं, की पुढचा धोंडा चढवायच्या ऐवजी अस्वल घाईघाईने आहेत तेच उतरवायचं. तुळई परत सरळ. सुतक टळलं. केस वाचले. असं त्याच्या बापाने केलं, आज्याने केलं आणि त्यानेही केलं. त्यामुळे लोखंड किती वजनाला मरतं, हे त्या घराण्यात कोणी कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचंच नव्हतं कोणाला.

“आमच्या हातून आजवर एक तुळई मेली नाही,” अस्वल छाती ठोकून सांगायचं. खोटं नव्हतं ते. गुडघाभर पाण्यात पोहायला शिकवणाऱ्याच्या हातूनही कोणी बुडत नाही.

तरीही त्या जंगलाचं बरं चाललं होतं, कारण हत्ती खालून जायचे आणि कण्हण्यापलीकडचं वजन पुलावर कधी येत नव्हतं.

मग मुंगूस आला.

मुंगूस लांबच्या जंगलात शिकून आला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला एक चकती, चकतीवर त्याचंच चित्र. स्वतःला स्वतःची ओळख पटावी म्हणून असेल. तो दरबारात उभा राहिला आणि म्हणाला, “महाराज, एका तुळईला आठवडा? या काळात? धोंडे वाहायचे, चढवायचे, उतरवायचे! मी तुम्हाला असं मॉडेल बनवून देतो की लोखंडाला हातही लावायला नको.”

“मॉडेल म्हणजे काय बुवा?” गव्याने विचारलं.

“लोखंडाच्या जागी उत्तर देणारा कोणीतरी.”

“लोखंडाला विचारलं तर काय होतं?”

“लोखंड सावकाश सांगतं महाराज. हा लगेच सांगेल.”

गव्याला सावकाश काहीच आवडत नसे, रवंथ सोडून. त्याने मान डोलावली.

मुंगसाने तांबट पक्षी निवडला. तुम्ही पाहिला असेल. हिरवा, कपाळाला लाल टिळा, दिवसभर झाडाच्या शेंड्यावर बसून टुक टुक टुक करतो. त्या आवाजावरून त्याला तांबट म्हणतात. तांब्याच्या भांड्याला त्याने जन्मात चोच लावलेली नसते, पण ऐकणाऱ्याला वाटतं की वर कोणीतरी मोठा कारागीर बसलाय.

अस्वलाने आजवर तपासलेली प्रत्येक तुळई मुंगसाने त्याच्याकडून वदवून घेतली. लांबी किती, जाडी किती, वजन किती, किती बोटं वाकली, परत सरळ झाली का. अस्वल सांगायचं आणि तांबट पाठ करायचा. “यालाच डेटा म्हणतात,” मुंगूस कौतुकाने म्हणायचा. सरळ झाली, सरळ झाली, सरळ झाली. दुसरं उत्तर त्या पाखराच्या कानावर कधी पडलंच नाही.

पाखराला मी दोष देत नाही हं. पाठ केलेल्या दोन तुळयांच्या मधलं काही विचारलं तर तो अगदी बरोबर सांगायचा, आणि झटक्यात सांगायचा. मधलं. बाहेरचं नव्हे. हे एवढं कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मुंगसाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. लांबच्या जंगलात पहिल्याच दिवशी शिकवतात ते. पण सत्काराच्या दिवशी असलं काही बोलायचं नसतं.

मुंगसाने पाखराची परीक्षाही घेतली, बरं का. काही तुळया त्याने मुद्दाम पाखरापासून लपवून ठेवल्या होत्या. भर दरबारात त्यांच्याबद्दल विचारलं. तांबटाने सगळं अचूक सांगितलं. “नव्याण्णव टक्के!” मुंगूस ओरडला आणि दरबाराने टाळ्या वाजवल्या. लपवलेल्या तुळयासुद्धा अस्वलानेच तपासलेल्या होत्या, त्याच पद्धतीने, कण्हायच्या आत वजन उतरवून. पण टाळ्या वाजवताना कोण विचार करतो?

शाल झाली, श्रीफळ झालं. तांबटाला ती शाल पेलवेना, तेव्हा ती मुंगसाने घेतली. अस्वलाला ‘लोहभूषण’ ही पदवी मिळाली आणि त्याचं काम गेलं. तुम्हाला वाटेल बिचाऱ्याला वाईट वाटलं असेल. छे! सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. केस आता कायमचे वाचले होते. तपासणीचे धोंडे रिकामेच पडले होते, ते चुन्यात बसवून गव्याला बसायला चौथरा बांधला.

मग काय, जो तो तांबटाला विचारायला लागला. शेकरू फांदीचं विचारायला आली. फांदी लोखंडाची नव्हती, तरी त्याने सांगितलं. रानडुकराने मुलीच्या सासरचं विचारलं. “तीन बोटं वाकेल. परत सरळ,” तांबट म्हणाला, आणि रानडुक्कर समाधानाने घरी गेलं.

आता हत्तिणीचं ऐका.

त्या जंगलात एकच हत्तीण उरली होती आणि तिला एकच पिल्लू होतं, बारकू नावाचं. नावाप्रमाणेच होतं, अजून दूध पिणारं. एका सकाळी बारकू हरणांच्या पाडसांमागे खेळत खेळत पुलावरून पलीकडे गेला. पूल जरा कुरकुरला, पण त्याने बारकूला नेलं. आणि त्याच सकाळी दरड कोसळली. हत्तींची खालची वाट बुजली. दगडमाती अशी भरली की मांजरालाही उतरता येईना. तो गडगडाट ऐकून बारकू पलीकडे घाबरून बसला, आणि कोणी कितीही बोलावलं तरी पुलावर पाय ठेवेना.

हत्तीण काठावर आली. पलीकडे बारकू ओरडत होता. आईने हाक मारली की तो गप्प व्हायचा, आणि मग दुप्पट ओरडायचा. त्याला चारा अजून चावता येत नव्हता. हरणांनी त्याच्यापुढे कोवळं गवत टाकून पाहिलं. तो ते सोंडेने उचलायचा आणि तसंच खाली ठेवायचा.

हत्तीण दरबारात गेली.

“महाराज, मला पलीकडे जायचंय. पोर उपाशी आहे.”

“जा की,” गवा म्हणाला. “पूल आहे ना.”

“पूल माझ्या वजनाला टिकेल का?”

मुंगूस पुढे झाला. “हत्तीणबाई, त्याचीच तर सोय केलीये आपण.” त्याने तांबटाकडे बघून तुळयांची लांबी सांगितली, जाडी सांगितली आणि हत्तिणीचं वजन सांगितलं. सशाचं उत्तर द्यायला त्या पाखराला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच हत्तिणीचं द्यायला लागला.

“नऊ बोटं. परत सरळ,” तांबट म्हणाला. टुक टुक टुक.

“झालं!” मुंगूस म्हणाला.

हत्तीण जागची हलली नाही. “राग मानू नका, पण माझ्याएवढं वजन कोणी कधी त्या लोखंडावर घालून बघितलंय का?”

दरबार गालातल्या गालात हसला. अडाणी बाईने मध्येच काही विचारलं की दरबार हसतो तसा.

“अहो बाई, घालून बघायला लागू नये म्हणूनच तर हे मॉडेल,” मुंगूस म्हणाला.

हत्तीण अस्वलाकडे वळली. “अस्वलदादा, तुम्ही तरी सांगा. एक तुळई घ्या, वर धोंडे चढवा, माझ्या वजनाइतके होईपर्यंत. टिकली तर मी जाते. नाही टिकली तर निदान कळेल, दुसरं काहीतरी बघू. दरड उपसू. मीच उपसते, पण मला मदतीला कोणीतरी द्या.”

अस्वलाने महाराजांच्या चौथऱ्याकडे पाहिलं. धोंडे सगळे तिथे चुन्यात बसले होते आणि त्यांच्यावर महाराज बसले होते. मग त्याने स्वतःच्या दाट काळ्या दंडाकडे पाहिलं. हत्तिणीइतकं वजन! लोखंड मेलं तर?

“पाखराने सांगितलंय ना,” अस्वल म्हणालं. “मग माझं काय काम?”

“आणि शिमगा तोंडावर आलाय,” गवा म्हणाला. “आत्ता सुतकबितक नको.”

“मग महाराजांनी आधी पूल ओलांडून दाखवावा,” हत्तीण म्हणाली. “तुम्ही माझ्याहून हलके आहात.”

“माझे गुडघे दुखतात,” गवा म्हणाला, आणि दरबार उठला.

मुलांनो, मला इथे राग येतो. दरवेळी ही गोष्ट सांगताना येतो. ज्यांना पलीकडे जायचंच नव्हतं ते सगळे पुलाबद्दल निर्धास्त होते. जिला जायचं होतं तिची शंका मात्र अडाणीपणाची ठरली.

हत्तीण एकटीच दरड उपसायला लागली. पण ती जेवढी माती बाजूला करायची तेवढी वरून घसरून यायची. आणि पलीकडचा आवाज हळूहळू बारीक होत चालला. दुपारी तिने हाक मारली तेव्हा पलीकडून नुसतं कण्हणं आलं. तिने सोंडेतला दगड टाकून दिला आणि सरळ पुलाकडे गेली.

सगळं जंगल बघायला जमलं. मुंगूस शाल पांघरून आला होता.

हत्तिणीने पहिला पाय ठेवला. पूल वाकला. चार पाय ठेवले, आणखी वाकला. “नऊ बोटं. परत सरळ,” तांबट शेंड्यावरून म्हणाला. ती पुढे गेली. लोखंड कण्हलं. अस्वलाचे कान टवकारले, पंजे सवयीने धोंडे उतरवायला पुढे झाले, आणि मग त्याने ते पाठीमागे धरले.

लोखंड मोडत नाही हो काडीसारखं. ते सोसतं, सोसतं आणि मग सैल पडतं. हत्तीण मधोमध आली तेव्हा पूल तिच्याखाली झोळीसारखा खाली गेला आणि तिथेच राहिला. पुढेही चढ, मागेही चढ. तिने पुढे पाऊल टाकलं, घसरलं. मागे टाकलं, घसरलं. ती थांबली.

“मुंगूसराव!” ती ओरडली. “पूल वाकला!”

“तुम्ही वर उभ्या आहात म्हणून वाकलेला दिसतोय,” मुंगूस काठावरून म्हणाला. “वजन उतरलं की परत सरळ होणार आहे.”

“मला उतरता येत नाहीये!”

“का?”

“पूल वाकलाय म्हणून!”

“ते उतरल्याशिवाय कसं ठरवणार, बाई?” मुंगूस शांतपणे म्हणाला. “आधी उतरा. मग बघू.”

प्राण्यांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता. कोणी दोर आणायला गेलं नाही, कारण सरळ पुलावर उभ्या असलेल्या बाईला दोर कशाला?

तेवढ्यात पलीकडे बारकू उठला. आईचा आवाज त्याने इतक्या जवळून बऱ्याच वेळाने ऐकला होता. आता त्याला ना दरडीची भीती राहिली ना पुलाची.

“येऊ नकोस!” हत्तीण किंचाळली. “मागे हो रे राजा, मागे!”

पण तो उपाशी होता, आणि ती आई होती. तो पुलावर चढला आणि घसरत घसरत थेट तिच्या पायात येऊन आदळला. पूल आणखी खाली गेला. बारकूने तोंड वर केलं आणि दूध प्यायला लागला.

“आई आणि बाळ भेटले!” मुंगूस ओरडला. “पुलाचं उद्दिष्ट साध्य!” काठावर टाळ्या पडल्या. एक-दोघांच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, खोटं कशाला बोलू.

हत्तिणीने पोराला पोटभर पिऊ दिलं. मध्ये लोखंड दोनदा कुरकुरलं, तरी तिने त्याला ढकललं नाही. त्याचं पोट तट्ट झालं तेव्हा तिने सोंड त्याच्या ढुंगणाखाली घातली आणि त्याला पलीकडच्या चढावर रेटलं. तो घसरून परत आला. तिने परत रेटलं. शेवटी तिने मागचे दोन्ही पाय त्या झोळीत रोवले, सगळं अंग पुढे झोकून दिलं आणि पोराला काठावर नेऊन टाकलं. त्या रेट्याने तुळयांची टोकं काठावरच्या ओट्यांवरून निसटली.

पूल गेला. हत्तीण गेली. बराच वेळ खालून धूळ येत राहिली.

“परत सरळ,” तांबट म्हणाला.

संध्याकाळी दरबार भरला. प्रश्न एकच होता, आणि हत्तिणीचा नव्हता. सुतक धरायचं की नाही?

“मी नाही वाकवलं,” अस्वल आधीच म्हणालं. “मी हातही लावला नाही.”

“वाकलं कुठे?” मुंगूस म्हणाला. “वजन उतरल्यावर ते परत सरळ होणार होतं. वजन उतरलं. आता लोखंड दरीत आहे. ते वाकलेलं आहे असं कोणी पाहिलंय?”

दरीत उतरायची वाट बुजलेली होती. कोणी पाहिलेलं नव्हतं.

“तरी पण हत्तीण पडली ना हो,” म्हातारं सांबर चाचरत म्हणालं.

“ते मी नाकारत नाही,” मुंगूस म्हणाला. “तीच तर अडचण आहे. सगळे प्राणी पूल ओलांडतात, ही एकटी पडते. जो बाकीच्यांसारखा वागत नाही तो हिशोबातून वगळायचा, ही शास्त्राची रीत आहे. हत्ती वगळले की तांबट आजवर एकदाही चुकलेला नाही.”

ठराव झाला. या जंगलात हत्ती नाहीत आणि कधी नव्हते. लोखंड मेलं नाही. सुतक नाही. शिमगा ठरल्या दिवशीच होईल. नव्या पुलाचं काम तांबटाला विचारून सुरू करावं.

एवढ्यात दरीच्या पलीकडून हाक आली. पोट भरलेलं असल्यामुळे आवाज आता चांगला खणखणीत होता. पोर आईला बोलावत होतं.

सगळ्यांनी ऐकलं. सांबराने मान खाली घातली. अस्वलाने कानात केस सरकवले. गव्याने मुंगसाकडे पाहिलं.

मुंगूस म्हणाला, “महाराज, आत्ताच आपण ठरवलं की या जंगलात हत्ती नाहीत. तेव्हा तो वारा आहे.”

ठरावात तशी दुरुस्ती झाली. अजूनही त्या जंगलात कोणी नवखा पाहुणा दचकून विचारतो की पलीकडे कोण रडतंय, तेव्हा लहान मुलंसुद्धा सांगतात, वारा.

तात्पर्य: मुलांनो, लोखंड कधीच वाकत नसतं. तेव्हा जन्माला येण्याआधी नीट चौकशी करावी, आणि आई निवडताना तिचं वजन डेटात बसतंय ना, तेवढं बघून घ्यावं.